एक चूल, एक पंगत : कर्मवीर भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर शाळा येतात. रयत शिक्षण संस्थेची हायस्कुले, कॉलेजे, वडाच्या झाडाचे बोधचिन्ह, अनवाणी पायांचा, पांढऱ्या दाढीचा, खादीतला धिप्पाड माणूस. दरवर्षी २२ सप्टेंबरला आणि ९ मेला भाषणे होतात, शाळांची संख्या सांगितली जाते. ते योग्यच आहे. मात्र त्या संख्येत भाऊरावांच्या कामाचा अर्धा भाग झाकला जातो. १९१९ मध्ये संस्था सुरू झाल्यापासून पहिली पंधरा-सोळा वर्षे तिच्या कामाचा कणा होता वसतिगृह. आणि वसतिगृह म्हटले की पहिला प्रश्न येतो तो दोन वेळच्या जेवणाचा. आज या पोरांच्या पोटात काय जाणार, हा प्रश्न सोडवत सोडवत भाऊरावांनी रयत उभी केली.

मी ग्रामीण भागात मुलांच्या आरोग्याचे आणि शाळागळतीचे काम करते. शालेय पोषण आहाराची बैठक असली की चर्चा तांदूळ, डाळ, तेल, बिले आणि नोंदवह्यांवर सुरू होते आणि तिथेच संपते. मुलांना शाळेत जेवू घालणे ही जणू सरकारने काल-परवा काढलेली एक योजना आहे, असे आपण बोलतो. पण महाराष्ट्राच्या मातीत या कामाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सत्यशोधक चळवळीच्या पोटातून आलेला आहे. तो समजून घ्यायचा तर भाऊरावांचे आयुष्य त्यांच्या स्वयंपाकघराच्या बाजूने वाचले पाहिजे.

अंघोळीला नकार

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. आई गंगाबाई. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे बदल्या होत आणि मुलाचे शिक्षणही गावोगावी होई. घर खाऊनपिऊन सुखी होते. भाऊराव स्वतः उपाशी पोटी शाळेत गेलेले मूल नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवे. दुसऱ्याच्या भुकेचा प्रश्न त्यांनी आपला मानला, तो विचारातून.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये आले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. तो छत्रपती शाहू महाराजांचा काळ. महाराजांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली होती. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी राहण्या-जेवण्याची सोय हवी, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पण तेव्हाच्या समाजात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली जेवायला बसवणे जवळपास अशक्य होते. म्हणून महाराजांनी जातवार वसतिगृहांना मदत केली. मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले.

तरुण भाऊराव त्या वसतिगृहाच्या उद्‌घाटनाच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर विटाळ झाला म्हणून अंघोळ करून शुद्ध होण्याची अपेक्षा होती. भाऊरावांनी नकार दिला. त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. पुढे त्यांना शाहू महाराजांचा सहवास लाभला. परीक्षांमध्ये ते फार चमकले नाहीत आणि इंग्रजी सहावीपर्यंत पोहोचून त्यांचे शालेय शिक्षण थांबले. पण पुढच्या पन्नास वर्षांच्या कामाचा धडा त्या एका नकारात होता. वसतिगृहे हवीत, हे त्यांनी शाहू महाराजांकडून घेतले. जातवार नकोत, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून ठरवले. शाहू महाराजांनी जे शहरात आणि जातीजातींच्या चौकटीत केले, ते खेड्यात नेऊन चौकट मोडायची, असे त्यांच्या कामाचे सार सांगता येईल.

नांगर विकता विकता

शिक्षण सुटल्यावर भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० च्या सुमारास त्यांनी मित्रांना सोबत घेऊन सांगलीजवळच्या दूधगावात सर्व जातींच्या मुलांसाठी एक आश्रम सुरू केला. त्यानंतर आयुष्यातला सर्वांत कठीण काळ आला. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण झाले. त्यात दुसऱ्या एका व्यक्तीविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी ती दिली नाही. तुरुंग आणि छळ मात्र वाट्याला आला. हे सारे शाहू महाराजांच्या संस्थानात घडले, तरीही भाऊरावांनी महाराजांच्या सामाजिक कामावरची निष्ठा सोडली नाही. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहाला त्यांनी नाव दिले ते शाहू महाराजांचेच. माणसावरचा राग आणि विचाराची बांधिलकी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे किती जणांना जमते?

त्यानंतर ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. या फिरतीत त्यांनी सातारा-सांगली भागातले शेतकरी, बलुतेदार, महारवाडे, मांगवाडे जवळून पाहिले. शाळा असलेल्या गावातही मुले शाळेत का नाहीत, याचे उत्तर त्यांना घराघरांत दिसत होते. सात-आठ वर्षांचे पोर गुरांमागे गेले तर त्याचे पोट भागते. शाळेत गेले तर घरातली एक भाकरी वाढते आणि एक हात कमी होतो.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात हेच दुखणे होते. शेतकऱ्यांची पोरे गुरे राखण्यात आणि शेतीच्या कामात अडकलेली असतात, म्हणून त्यांना शाळेकडे वळवण्यासाठी शिष्यवृत्तीसारखी मदत द्या, असा त्यांचा आग्रह होता. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडी येथे भुकेल्या मुलांच्या जेवणाची सोय केली होती. भाऊराव या सत्यशोधक परंपरेचे कार्यकर्ते होते. गरिबाच्या शिक्षणाचा हिशेब पुस्तकांच्या आधी धान्यापासून मांडावा लागतो, ही समज त्यांना या परंपरेतून मिळालेली होती.

काले ते सातारा

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. याच काले गावची एक हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. शाळेत एक महार मुलगा वर्गाबाहेर बसून शिकताना भाऊरावांना दिसला. त्यांनी त्याला सोबत नेले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली. हा मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. आपल्या वाचकांना हे नाव परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले, त्या काळात ‘मूकनायक’चे संपादन सांभाळणारे हेच घोलप. वर्गाबाहेर बसवलेल्या एका पोराच्या राहण्या-खाण्याची सोय झाली, आणि तोच पुढे आपल्या समाजाचा आवाज झालेल्या पत्राच्या संपादकाच्या खुर्चीवर बसला.

१९२४ मध्ये भाऊरावांनी संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलवले आणि तिथे वसतिगृह सुरू केले. सुरुवात मोजक्या मुलांपासून झाली. पुढे धनिणीच्या बागेत हे बिऱ्हाड वाढत गेले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा घरांतली पोरे एकत्र राहू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

हे सातारा कोणते, तेही आठवले पाहिजे. याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचे नाव सरकारी शाळेत दाखल झाले होते. त्याला वर्गात वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. त्या घटनेनंतर पंचवीस वर्षेही उलटली नव्हती, तोच त्याच गावात महाराचे पोर आणि मराठ्याचे पोर एका हंड्यातले पाणी पिऊ लागले, एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत खाऊ लागले. शाळेने नाकारलेले पाणी वसतिगृहाच्या स्वयंपाकघराने दिले. भाऊरावांच्या कामाचे मोल मोजायचे तर ते इथे मोजावे लागते.

एका चुलीचा अर्थ

समाजशास्त्र शिकताना आम्हाला जातीची दोन मोठी कुंपणे शिकवली जातात, रोटीबंदी आणि बेटीबंदी. कोणाच्या हातचे खायचे, कोणाशेजारी बसून खायचे, कोणाचे भांडे वापरायचे यांचे नियम जात दररोज दोन वेळा पाळायला लावते. वर्षातून एकदा होणाऱ्या सहभोजनाने हे नियम मोडत नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या आपल्या न झालेल्या भाषणात हे स्पष्ट केले होते. नुसत्या सहभोजनाने जात जाणार नाही, असे त्यांचे मत होते. ते खरेच आहे. एक दिवस जेवून माणूस घरी परततो आणि घर त्याला पुन्हा जुन्या नियमांत बसवते.

साताऱ्याच्या वसतिगृहातली गोष्ट मात्र वेगळी होती. इथली पंगत समारंभाची नव्हती, रोजची होती. आठ-दहा वर्षांचे पोर सकाळी त्याच पंगतीत बसे, रात्री त्याच पंगतीत बसे, आणि हे वर्षानुवर्षे चाले. शिवाय मुले नुसती जेवत नव्हती. पाणी भरणे, लाकडे आणणे, भाजीपाला पिकवणे, स्वयंपाकाला हात लावणे, वाढणे, भांडी घासणे ही कामे पाळीने सगळ्यांना होती. महाराच्या पोराने वाढलेले मराठ्याच्या पोराने खायचे आणि मराठ्याच्या पोराने घासलेल्या ताटात महाराच्या पोराने जेवायचे. कोणते काम कोणत्या जातीचे, हा हिशेबच त्यातून पुसला जात होता.

जेवण साधेच असे. भाकरी आणि कालवण. धान्य संपत येई तेव्हा तेही मोजून मिळे. पण जे असेल ते सगळ्यांना सारखे, हा नियम होता. भाऊरावांची स्वतःची मुलेही या नियमाबाहेर नव्हती. आई-बापांचा विरोध, गावातली कुजबुज, जात बाटल्याची ओरड हे सगळे झाले. भाऊरावांनी वेगळी चूल मात्र मांडली नाही. वेगळी चूल मांडली असती तर देणग्या वाढल्या असत्या आणि संस्था लवकर मोठी झाली असती. त्यांनी ती किंमत मोजली.

मूठभर धान्य

हे सगळे चालले कशावर? सरकारी अनुदान नव्हते किंवा नाममात्र होते. भाऊरावांनी गावांकडेच हात पसरला. घरातल्या बाईने दळायला बसण्याआधी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि वसतिगृहाला द्यायचे, अशी मुष्टिफंडाची पद्धत त्यांनी वापरली. सुगीच्या दिवसांत ते शेतकऱ्यांकडून धान्य मागत. कोणी ज्वारी दिली, कोणी गूळ, कोणी जळण, कोणी जमीन. मिळालेली जमीन खडकाळ असली तर मुलांनीच ती फोडून पिकाखाली आणली.

या मुठीला एक सामाजिक अर्थ होता. जी बाई मूठभर ज्वारी देते, तिला ती ज्वारी कोणाच्या पोटात जाणार हे माहीत असते. आपल्या शेतातल्या धान्याची भाकरी महारवाड्यातले पोरही खाणार आहे, हे मान्य करूनच ती देते. त्यामुळे मूठभर धान्यासोबत गावाच्या मनाचाही थोडासा तुकडा संस्थेकडे येत होता. आज आपण लोकसहभाग हा शब्द प्रकल्पाच्या अहवालात लिहितो. भाऊरावांनी तो पाट्या-जात्यापर्यंत नेला होता.

लक्ष्मीबाई

आणि या चुलीजवळ एक बाई होती, जिचे नाव आपण बहुतेक वेळा एका वाक्यात उरकतो. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सधन जैन घरातल्या. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या संस्कारांत वाढलेल्या. सुरुवातीला सगळ्या जातींची पोरे घरात वावरतात हे त्यांना जड गेले. कोणत्या बाईला गेले नसते? जातीचे नियम पुरुष बाहेर बोलतात, पण ते पाळण्याचे ओझे स्वयंपाकघरातल्या बाईवर टाकलेले असते. पाणी कुठले, भांडे कोणाचे, शिवाशिव झाली का, याचा पहारा तिला करायला लावलेला असतो. लक्ष्मीबाईंनी तो पहारा उठवला. त्या पोरांच्या आई झाल्या. आजारी पोरांची शुश्रूषा केली, कोणाचेही पोर असो, पोटाशी धरले.

वसतिगृह चालवताना पैसे कमी पडू लागले तसे त्यांचे दागिने एकेक करून मोडले गेले. शेवटी एक दिवस असा आला की भाऊराव फिरतीवर होते आणि वसतिगृहात धान्य नव्हते. पोरे उपाशी राहणार होती. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि त्यावर धान्य आणवले. त्या काळात सवाष्ण बाईने मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. रयत मोठी झालेली त्यांनी पाहिली नाही.

त्यागाची गोष्ट म्हणून हा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो आणि डोळे पुसतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुलांचे जेवण जेव्हा समाज आणि सरकार आपली जबाबदारी मानत नाही, तेव्हा त्याची किंमत कुठल्यातरी एका बाईच्या अंगावरून वसूल होते. तेव्हा ती लक्ष्मीबाईंच्या गळ्यातून झाली. आज ती कशी होते, ते पुढे येईलच.

वडाच्या पारंब्या

भाऊरावांचे काम नंतर झपाट्याने पसरले. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. त्यानंतर जिथे शाळाच नव्हती अशा वाड्या-वस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, तिथे मुले काम करून राहत आणि शिकत. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज आले. कमवा आणि शिका ही पद्धत तिथून महाराष्ट्रभर गेली. स्वातंत्र्यानंतर लगेचच एकदा संस्थेचे सरकारी अनुदान थांबले. तेव्हा ज्यांनी कधीकाळी मूठभर धान्य दिले होते, तीच माणसे संस्थेच्या मागे उभी राहिली.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. सहावीत शिक्षण सुटलेल्या माणसाला विद्यापीठाने डॉक्टर केले. त्यानंतर लवकरच, ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले होती. त्या हायस्कुलांत बसलेल्या हजारो मुलांमागे कुठेतरी एक वसतिगृह, एक चूल, एक मूठ ज्वारी होती.

आजचे ताट

भाऊरावांनी मागून आणलेल्या धान्यावर जे केले, ते आज सरकारचे काम आहे, आणि ते तसेच असायला हवे. मद्रास राज्यात के. कामराज यांनी १९५० च्या दशकात शाळेतले दुपारचे जेवण सरकारी पातळीवर नेले. देशभर ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, पण अनेक राज्यांत कित्येक वर्षे मुलांच्या हाती शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडे धान्य पडत होते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. आता योजनेचे नाव पीएम पोषण आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असा नियम आहे. जेवण हा आता मुलाचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

पण भाऊरावांच्या स्वयंपाकघराने सोडवलेले दोन प्रश्न आजही आपल्यासमोर आहेत. पहिला, ताटात पुरेसे आहे का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. हीच मुले सहाव्या वर्षी पहिलीत येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा दुसरे फळ द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठी वेगळा निधी देणे बंद केले आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. भाऊराव स्वतः मांसाहार न करणाऱ्या जैन घरातले, पण गरिबाच्या पोराने काय खावे हे त्यांच्या घरच्या सोवळ्याने ठरवले नाही. आणि लोकांच्या मुठीवर त्यांना जगावे लागले, कारण तेव्हा सरकार आपले नव्हते. आज सरकार आपल्या मतांवर निवडून येते. ज्या पाड्यावर आई-बाप सहा महिने ऊसतोडीला जातात, तिथे अंड्याची वर्गणी कोण देणार?

दुसरा प्रश्न, कोण शिजवते आणि कोणाशेजारी बसून खाल्ले जाते? २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले. न्यायालयाला ते सांगावे लागले, यातच सगळे आले. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका सरकारी शाळेत दलित बाईने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले आणि त्या बाईलाच कामावरून काढले गेले. बोभाटा झाल्यावर तिला परत घेतले. हे दूरच्या राज्यात घडले म्हणून आपण निर्धास्त राहू नये. गावात फिरताना मी पाहते, स्वयंपाकाचे काम देताना बचतगट कोणत्या वस्तीचा आहे हे आधी बघितले जाते. कागदावर कोणी जात लिहीत नाही. बाकीची कारणे सापडतात.

आणि या सगळ्या स्वयंपाकाचे मोल किती? २००९ मध्ये केंद्राने स्वयंपाकी-मदतनीस बाईसाठी महिना १००० रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातल्या १० महिन्यांसाठी. राज्याराज्यांनी त्यात आपापली भर घातली आहे, तरी त्याला पगार म्हणता येत नाही. तेल संपले, भाजीचे बिल थकले की ती आपल्या घरातून आणते, उधार घेते. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र आपण पुस्तकात ठेवले, आणि त्यांचे ओझे या बायांच्या गळ्यात घातले.

आपण काय करू शकतो

आपल्या विहारांत, वस्त्यांत, संघटनांत कर्मवीरांची जयंती आणि स्मृतिदिन साजरे होतात. त्या दिवशी हार घालून झाल्यावर आपल्या गावच्या शाळेत एक चक्कर मारायला काय हरकत आहे? प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकांचे बहुमत असते. वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या समितीत आपल्या वस्तीतली आई आहे का? ती बैठकीला बोलावली जाते का, की फक्त सही घेतली जाते? जेवणाचा आठवड्याचा तक्ता भिंतीवर लावला आहे का आणि त्याप्रमाणे शिजते का? वजन-उंची मोजली जाते का? मुले एका पंगतीत बसतात का? स्वयंपाकीण कोण आहे, तिचे मानधन वेळेवर येते का? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि परवानगीही लागत नाही.

भाऊरावांच्या काळात एक चूल मांडायला एका माणसाचे आयुष्य आणि एका बाईचे सगळे सोने लागले. आज चूल आहे, धान्य आहे, कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे. कमी आहे ती आपल्या नजरेची. दुपारी बाराच्या सुमारास शाळेच्या व्हरांड्यात पोरे ताटे घेऊन बसतात, त्या वेळी तिथे गावातले कोणीतरी उभे असले पाहिजे.